हळदीचा पिवळा आणि ऑटोचं बटण

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो: ‘ऑटोचं बटण आहे ना, मग रंग हाताने कशाला दुरुस्त करायचे?’

हळदीचा शॉट घ्या. पिवळा मांडव, पिवळी साडी, गालांना हळद. ऑटोला हा सगळा पिवळा म्हणजे बिघाड वाटतो. मग ते निळा वाढवतं, हळद फिकी पडते आणि नवरीचा चेहरा आजारी दिसतो.

दाविंची रिझॉल्व्ह या रंगदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी परेड उघडा: लाल, हिरवा, निळा, तिघांचे आलेख, 0 (काळं) ते 1023 (सर्वांत उजळ). नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. थोडा वेळ पिवळं पाहिलं की डोळा त्यालाच पांढरं मानू लागतो. पहिल्या नोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यात, फक्त उजेड. लिफ्टने (गडद भागाचं नियंत्रण) काळं 50 च्या आसपास, गेनने (उजळ भागाचं नियंत्रण) सर्वांत उजळ भाग 900 च्या आत. उजेड हलला की रंगाचा गडदपणाही हलतो, म्हणून रंगाला हात दुसऱ्या नोडमध्ये.

तिथे आधी केस बघा. केसांच्या काळ्यात तिन्ही रंगांच्या आलेखांचे तळ लिफ्टने जुळवा, नाहीतर चित्र मळकट दिसतं. पांढऱ्यासाठी भटजींचं उपरणं सापडेल, पण त्यावरही मांडवाच्या कापडातून गाळलेला पिवळा उजेड पडलेला असतो. तिन्ही शिखरं एका रेषेत आणलीत तर ऑटोचीच चूक हाताने केलीत. निळं जरा खालीच राहू द्या.

नवशिके अडकतात ते लम मिक्समध्ये, म्हणजे एकूण उजेड राखणाऱ्या सेटिंगमध्ये. तो 100 वर असताना एकटा निळा हलवला तरी एकूण उजेड राखण्यासाठी बाकीचे दोन रंगही सरकतात. निळाच हलवायचा असेल तर लम मिक्स 0 करा.

चेहऱ्यासाठी व्हेक्टरस्कोपवरची (रंगाची दिशा आणि गडदपणा दाखवणारा गोल आलेख) त्वचेची रेषा. सावळा असो की गोरा, त्वचेचा रंग तिच्या आसपासच पडतो. फरक असतो तो मुख्यतः उजेडाचा. विंडो (चित्राचा ठरावीक भाग निवडणारी चौकट) मात्र हळद न लागलेल्या जागी लावा, गळ्यावर किंवा कानाजवळ. हळदीचा गाल त्या रेषेवर ओढलात तर बाकी सगळं गुलाबी होतं. एलईडी दिव्यांची हिरवट झाक असेल तर टिंट (हिरवा आणि मॅजेंटा यांचा तोल) किंचित मॅजेंटाकडे.

उन्हातल्या साडीत लालचा आलेख वर जाऊन चिकटला असेल तर प्रयत्न सोडा. तिथे तपशील रेकॉर्डच झालेला नसतो. गेन उतरवला की नुसता सपाट पट्टा खाली येतो. 8-बिट, म्हणजे रंगाच्या कमी छटा नोंदवलेलं, फुटेज फार ताणलंत तर मांडवाच्या कापडावर रंगाच्या पायऱ्या दिसू लागतात.

आणि कॅमेऱ्यात ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला मानायचं ते कॅमेराच ठरवतो) ठेवूनच शूट केलं असेल, तर एकाच शॉटमध्ये रंग सरकत राहतो. मग कीफ्रेम, म्हणजे क्षणाक्षणाची वेगळी दुरुस्ती, टाकत बसावं लागतं. त्याचे पैसे वेगळे मागावेत.