आमची वाटचाल : खंबाटकीच्या पायथ्याची ॲम्ब्युलन्स

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती माहीत नसेल तर पुढचं काहीच कळणार नाही. खासगी ॲम्ब्युलन्सला पैसे मिळतात ते किलोमीटरचे. आरटीओचा दर किलोमीटरवर, कंपन्यांची कॉन्ट्रॅक्टं किलोमीटरवर, नातेवाईक भांडतात तेही किलोमीटरवरच. पेशंट रस्त्यावर पडलेला असताना त्याच्या शेजारी गुडघे टेकून जे काम होतं, रक्त थांबवणं, श्वास बघणं, मान धरून ठेवणं, त्याचा दर कुठल्याच तक्त्यात नाही. आणि आमची फर्म उभी आहे ती नेमकी याच कामावर.

शिरवळला सुरुवात केली तेव्हा पुणे-सातारा रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम चालू होतं. गाडी एकच, सेकंडहँड ट्रॅक्स, मागच्या सीट काढून आत स्ट्रेचर बसवलेलं. इथली अडचण ज्यांनी हा रस्ता पाहिलाय त्यांना सांगायला नको, पुण्याचं ससून हॉस्पिटल इकडे पन्नासेक किलोमीटर आणि सातारा सिव्हिल तिकडे जवळपास तेवढंच, मध्ये खंबाटकी घाट, आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर पुण्याकडे येताना ते अपघातांचं एस वळण. मांडीचं हाड मोडलं तर वरून काही दिसत नाही पण आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जातं, कमरेचं हाड मोडलं तर त्याहून जास्त, आणि माणसाच्या अंगात सगळं मिळून रक्त पाच लिटरच्या आसपास. मग पन्नास किलोमीटर नुसती गाडी पळवून काय मिळणार? जे करायचं ते जागेवर आणि गाडीत, हे आम्ही पहिल्या दिवसापासून धरून चाललो.

हे मला शिकवलं सुभेदारांनी. आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून रिटायर झालेले, लखनौला ट्रेनिंग झालेलं, आमच्याच तालुक्यातले. धंद्यात ते माझे पार्टनर, पण पहिली काही वर्षं पगार म्हणून एक रुपया घेतला नाही, उलट स्वतःच्या फंडातून सक्शन मशीन आणलं, तोंडा-घशातलं रक्त ओढून काढणारं. मी म्हटलं सुभेदार, आधी सायरन चांगला घेऊ, लोकांना कळलं तरी पाहिजे. ते म्हणाले, "दादा, तोंडात रक्त साचलेल्या माणसाला सायरन ऐकून काय करायचंय?" विषय संपला.

त्यांची शिस्त अशी की गाडीतून उतरल्यावर आधी रस्ता बघायचा, मागून ट्रक येतोय का, डिझेल सांडलंय का, विजेची तार पडलीय का, मग पेशंट. आणि पेशंट चार असतील तर ओरडणाऱ्याकडे पहिलं जायचं नाही. ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे, गप्प पडलेल्याकडे आधी जा. आता पुस्तकात एक्सएबीसीडीई लिहितात, म्हणजे भळाभळा रक्त जात असेल तर ते सगळ्यात आधी थांबवा, मग श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदूची स्थिती आणि शेवटी कपडे कापून पूर्ण अंग बघा. आमच्याकडे तो एक्स आधीपासून पहिला होता, कारण सुभेदार तिकोनी पट्टी आणि लाकडाच्या दांडक्याने टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हाता-पायावर बांधायचा पट्टा, आवळायला फौजेतूनच शिकून आले होते. त्या काळी इथले लोक जखमेवर हळद दाबायचे, काही ठिकाणी कॉफी पावडर. अजूनही दाबतात. नका दाबू, स्वच्छ कापड घ्या आणि जोर लावून धरून ठेवा, दर मिनिटाला उचलून बघू नका.

आमचा पहिला स्पाइन बोर्ड, म्हणजे पाठ-मान न हलवता पेशंट उचलायची फळी, शिरवळच्याच सुताराने केला, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाजारातला परवडत नव्हता. मरीन प्लाय आणला, सहा फुटांच्या वर लांबी, पायाकडे थोडा निमुळता. कडेला पकडायला खाचा पाडल्या, त्या सुभेदारांनी स्वतः हातमोजा घालून एकेक तपासल्या, चार बोटं आरामात गेली पाहिजेत. खालून दोन पट्ट्या मारल्या म्हणजे बोर्ड जमिनीला चिकटत नाही आणि उचलताना बोटं आत जातात. वरून वॉर्निशचे हात, नाहीतर लाकूड रक्त पितं आणि कितीही धुतलं तरी साफ होत नाही. पट्टे भंगारवाल्याकडून आणलेल्या सीट बेल्टचे, चपलावाल्याने शिवलेले. तो बोर्ड आजही आमच्या ऑफिसात भिंतीला उभा आहे आणि नवीन पोरांना लॉग रोल, म्हणजे पेशंटला ओंडक्यासारखं एकसंध कुशीवर वळवणं, त्याच्यावरच शिकवतो. एक जण डोक्याशी, बाकीचे कुशीला, आणि हुकूम फक्त डोकं धरणाऱ्याचा. आता प्लास्टिकचे बोर्ड आहेत, हलके, एक्स-रेला अडत नाहीत, पण एक लक्षात ठेवा की बोर्ड पेशंटला बाहेर काढायला आहे, त्याच्यावर तासभर झोपवून न्यायला नाही, पाठीला फोड येतात. आम्ही स्कूपने, म्हणजे दोन भागांत उघडून दोन्ही बाजूंनी खाली सरकवायच्या स्ट्रेचरने, उचलून गादीवर घेतो.

मधली बरीच वर्षं नीट गेली. दोन गाड्या झाल्या, मग तीन. 26 जानेवारी 2014 ला सरकारची 108 ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली, राज्यभर 937 गाड्या, त्यातल्या 233 ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, आणि फुकट. चांगलंच झालं. आमचे रस्त्यावरचे कॉल कमी झाले पण माणसं वाचली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आम्ही केसुर्डी आणि शिरवळच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांची कॉन्ट्रॅक्टं वाढवली.

म्हणणं आहे ते दुसऱ्या एका खासगी ॲम्ब्युलन्सवाल्याबद्दल. नाव लिहीत नाही, या पट्ट्यातल्या धंदेवाल्यांना कळेल. त्याने एकदम चार-पाच व्हॅन रस्त्यावर आणल्या, सगळीकडे कार्डिॲकचे स्टिकर, आत ऑक्सिजनचा सिलिंडर आहे तर तो किती सोडायचा ते ठरवणारा फ्लोमीटर नाही, सक्शनचा तर पत्ताच नाही. ढाब्यावाल्यांना, पंक्चरवाल्यांना पहिल्या फोनचे पैसे ठरवून दिलेले, आणि पेशंट कुठल्या हॉस्पिटलला टाकला की किती मिळतात हेही ठरलेलं. आम्ही पोचायच्या आधी त्याची पोरं पेशंटला हाताला-पायाला धरून उचलून मागच्या सीटवर कोंबून मोकळी. कमरेचं हाड मोडलेल्या माणसाला असं उचललं की आत जी रक्ताची गुठळी धरायला लागलेली असते ती फुटते. आम्ही कमरेला बाइंडर, म्हणजे हाडं आवळून धरणारा रुंद पट्टा, बांधतो, बेल्टच्या जागी नाही तर खाली, मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा हाताला लागतो तिथे, आणि तो बांधल्याशिवाय हलवत नाही. त्याला दोन मिनिटं लागतात. लोकांना ती दोन मिनिटं दिसतात.

आणि तेच आमच्यावर उलटलं. एस वळणाच्या पुढे एक बाईकवाला पडला, हेल्मेट डोक्यात, डिव्हायडरला टेकून बसलेला, बोलत होता, उठून उभा राहायला बघत होता. आमच्या पोराने मागून डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि सोडलंच नाही. विचारल्यावर तो बाईकवाला म्हणतो, बोटांना मुंग्या येतायत, म्हणजे मानेला इजा असू शकते. हेल्मेट दोघांनी मिळून काढलं, एकाने खालून मान आणि जबडा धरला, दुसऱ्याने कडा फाकवून हळूहळू ओढलं, मग कॉलर, मग बोर्ड. हे चालू असताना कुणीतरी व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं की माणूस मरतोय आणि हे लोक बघत बसलेत. तो व्हिडिओ या गृहस्थाने आणि त्याच्या माणसांनी एमआयडीसीच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मला स्क्रीनशॉट दाखवलेत लोकांनी, उगाच बोलत नाहीये.

पंधरवड्यात एकामागून एक कॉन्ट्रॅक्ट गेलं. एचआरवाले फोनवर गोड बोलायचे, मॅनेजमेंटचा निर्णय आहे म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या गेटवर स्टिकरवाली व्हॅन उभी, दर आमच्या निम्मा. एका हॉस्पिटलने आमची जुनी बिलं अडकवून ठेवली ती आजतागायत पूर्ण दिलेली नाहीत. तिसऱ्या गाडीचे हप्ते थकले, फायनान्सवाले येऊन अंगणातून गाडी घेऊन गेले, शेजारीपाजारी बघत होते. आतलं सामान तेवढं आम्ही उतरवून घेतलं. पोरांचे पगार घरातलं सोनं ठेवून केले. बायकोने एका शब्दाने विचारलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

त्या पेशंटचं पुढे काय झालं ते कुठल्याही ग्रुपवर आलं नाही. पुण्याला सीटी स्कॅनमध्ये मानेचा मणका मोडलेला निघाला, ऑपरेशन झालं, आज तो स्वतःच्या पायाने चालतो. त्याला काखेत धरून उभा केला असता तर काय झालं असतं ते हाडांच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

त्या काळात एकच गिऱ्हाईक टिकलं. प्रेस शॉप असलेली एक कंपनी आणि तिथले सेफ्टी ऑफिसर, आम्ही त्यांना साहेबच म्हणतो. त्यांची ओळख एका अपघातातून झालेली. पॉवर प्रेसमध्ये एका कामगाराचा हात सापडला होता, मनगटाच्या वर चेंदामेंदा, दोन बोटं तुटून खाली. आम्ही दंडावर टूर्निके आवळला, रक्त पूर्ण थांबेपर्यंत, तो पोरगा दुखतंय म्हणून किंचाळत होता तरी सैल केला नाही, कपाळाला चिकटपट्टी लावून त्यावर वेळ लिहिली. बोटं सलाईनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये, ती पिशवीत, आणि पिशवी बर्फात. बोट थेट बर्फावर ठेवलं की मरतं, हे तेव्हा त्यांच्या फर्स्ट एड टीमला माहीत नव्हतं. एक बोट जुळलं. साहेब तेव्हा शेजारी उभं राहून सगळं बघत होते.

व्हिडिओ त्यांनाही आला होता. त्यांनी मला बोलावलं आणि खुलासा वगैरे काही विचारला नाही, म्हणाले, "त्या दिवसाची शीट आणा." आता ही शीट म्हणजे सुभेदारांचं काम. शिरवळच्या प्रेसमध्ये छापून घेतलेलं कार्बन कॉपीचं पॅड, एक प्रत हॉस्पिटलला आणि एक आमच्याकडे. पोचलो किती वाजता, निघालो किती वाजता, अपघात कसा झाला, काय काय लागलंय, नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, ग्लासगो स्कोअर म्हणजे माणूस किती शुद्धीत आहे त्याचे गुण, काय केलं. ग्लासगो स्कोअर 3 ते 15 मध्ये असतो, 8 किंवा त्याखाली गेला तर तो माणूस स्वतःचा श्वासमार्ग सांभाळू शकत नाही असं धरायचं, आणि एकदा मोजून उपयोग नाही, पुन्हा पुन्हा मोजायचा, कारण 14 चा 11 झाला हे डोक्यात रक्तस्राव वाढत असल्याचं लक्षण असू शकतं. साहेबांनी शीट वाचली. पोचण्यापासून निघेपर्यंत दहा मिनिटांच्या आत, बोटांना मुंग्या, मान स्थिर केली, स्कोअर 15, सगळं वेळेसकट. शीट परत दिली आणि पुढच्या तीन महिन्यांचा ॲडव्हान्स चेक त्याच दिवशी काढायला लावला. त्या चेकवर आमची दुसरी गाडी वाचली.

पुढे हळूहळू जम बसला, ते सांगत बसत नाही. नवीन लोक धंद्यात येतायत म्हणून दोन-चार गोष्टी सांगतो, कुणी विचारल्या नसल्या तरी. सकाळी ड्यूटीवर आल्यावर सक्शन चालू करून वाटीभर पाणी ओढून बघा, नुसता आवाज येतो यावर समाधान मानू नका. सिलिंडरची चावी दोरीने सिलिंडरलाच बांधा. कात्री चांगली घ्या, जीन्स कापणारी, आणि नवी पँट कापली म्हणून नातेवाईक भांडले तर भांडू द्या, पण अंग बघून झालं की लगेच ब्लँकेट, कारण गार पडलेल्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही आणि पावसाळ्यात घाटात रस्त्यावर पडलेला माणूस फार लवकर गार पडतो. सलाईनचं वेड सोडा. नातेवाईकांना दोन बाटल्या लटकताना दिसल्या की बरं वाटतं, पण रक्त जात असलेल्या माणसाला भरमसाट पाणी चढवलं की रक्त पातळ होतं आणि दाब वाढून गुठळी सुटते. मनगटावर नाडी लागेल इतपत पुरे. डोक्याला मार असेल तर मात्र बीपी पडू द्यायचं नाही, तिथे हिशेब वेगळा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्ताची गुठळी टिकवणारं औषध, डॉक्टरच्या सांगण्यावरून, तीन तासांच्या आत, 1 ग्रॅम दहा मिनिटांत. 2010 च्या क्रॅश-2 अभ्यासात दिसलं की त्याने जीव वाचतात आणि तीन तासांनंतर दिलं तर नुकसानच होतं, म्हणून शीटवर अपघाताची वेळ लिहिणं किती महत्त्वाचं ते बघा.

आणि रस्त्यावरच्या लोकांनो, मदत केली म्हणून पोलीस तुम्हाला अडकवू शकत नाहीत. 2016 ला सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय आणि 2019 च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम 134ए आलंय. मे 2025 पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार मिळायची योजना आहे. योजनेतल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर डिपॉझिट मागितलं तर हे बोलून दाखवा.

सुभेदार आता गुडघ्यांमुळे गाडीवर येत नाहीत, पण नवीन पोरगा लागला की त्याची परीक्षा तेच घेतात, त्यांच्या अंगणात, आणि नापास करतातही. नवीन गाडी एआयएस-125 या ॲम्ब्युलन्सच्या मानकाप्रमाणे टाइप सी, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टची, बुक केलीय, यावेळी कर्ज सहकारी बँकेचं.

किलोमीटरचा प्रश्न मात्र तसाच आहे. म्हणून गेल्या रिन्यूअलपासून आम्ही कोटेशनमध्ये एक वेगळी ओळ टाकायला लागलो, 'जागेवरची तपासणी व उपचार', त्याचा दर वेगळा, गाडी किती पळाली याच्याशी संबंध नाही. साहेबांच्या कंपनीने पहिली सही केली, त्यांच्यामागून आणखी काहींनी. काही पर्चेसवाले अजून ती ओळ खोडून कोटेशन परत पाठवतात. ती खोडलेली कोटेशनं आम्ही सही न करता फाइलला लावतो आणि त्या कंपनीचं काम घेत नाही.