रेल्वे गटातून गेली, उरलेल्या तुकड्याचं काय?

रेल्वे आली की जमिनीचे भाव चढतात हे सांगायला सॉफ्टवेअर लागत नाही. बीडमध्ये कुठल्याही चहाच्या टपरीवर ते फुकट कळतं. वर पुढचं स्टेशन नेमकं कुठं होणार याची 'आतली बातमी'ही मिळते. पुण्यातली नोकरी सोडून इकडं आल्यावर जो भेटला त्यानं मला हाच धंदा सुचवला: भाव कुठं वाढणार ते दाखवणारं ॲप काढ. मला ते जमण्यातलं नव्हतं आणि पटण्यातलंही नव्हतं. अशा ॲपचा पहिला गिऱ्हाईक प्लॉटिंगवाला, आणि त्याला खरा अंदाज नको असतो, त्याच्या जाहिरातीला शोभणारा अंदाज हवा असतो.

अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग २६१ किलोमीटरचा. मंजुरी १९९५ ची, खर्च निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी, बीडपर्यंत गाडी आली. मंजुरीपासून तीस वर्षं! एवढ्या काळात एकेका गटाला, म्हणजे स्वतंत्र नंबराच्या जमिनीला, तीनाचे तेरा वारस लागलेत, वाटण्या झाल्यात, नव्या विहिरी झाल्यात. वडवणीकडच्या एका नातेवाइकाच्या शेतावर बसलो होतो तेव्हा त्यांनी जे विचारलं त्यातून माझा धंदा निघाला. भाव किती होईल हे त्यांनी विचारलंच नाही. "रूळ मधून गेला, आता अलीकडं किती राहिलं अन् पलीकडं किती, हे कुणी सांगंल का?" असं ते म्हणाले.

कुणीच सांगेना, कारण सातबाऱ्यावर ते नव्हतं. भूसंपादन झालं, मोबदला मिळाला, तरी सातबारा आपोआप बदलत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात कमी-जास्त पत्रक तयार व्हावं लागतं. सगळे त्याला केजेपी म्हणतात. ते तलाठ्याकडं गेलं की फेरफार (बदलाची नोंद) पडतो आणि मग क्षेत्र दुरुस्त होतं. केजेपी रखडलं की कागदावर रूळही शेतकऱ्याच्याच नावावर! बँकेत पीककर्जाला गेलं की क्षेत्र जुळत नाही, विकायला काढलं की घेणाऱ्याचा वकील अडवतो.

मग ठरवलं, गट नंबर टाकला की एका पानावर चार गोष्टी आल्या पाहिजेत: संपादित क्षेत्र, उरलेले तुकडे, त्यांचं क्षेत्र आणि तिथं जायला वाट. ऐकायला हे सोपं आहे. प्रोग्राम लिहायला खरंच फार वेळ गेला नाही, सगळा वेळ नकाशांनी खाल्ला.

गावनकाशा भूनकाशाच्या संकेतस्थळावर दिसतो, पण उपग्रहाच्या चित्रावर टाकला की कुठं बांध ओढ्यात जातो, कुठं विहीर शेजाऱ्याच्या गटात. इथं मला एक निवृत्त भूकरमापक (सरकारी मोजणीदार) काका भेटले. त्यांनी माझा लॅपटॉप बाजूला सारला आणि टिपण, म्हणजे जुन्या मोजणीचा मापं लिहिलेला कागद, मागितलं. टिपणावरची मापं साखळी आणि आण्यात असतात. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. मी ते वाचायला शिकलो. आण्याला दोन फुटांहून थोडं जास्त पडतं, आणि जुन्या मोजणीत दोन-तीन आणे इकडंतिकडं असणं काकांच्या लेखी चूक नव्हतीच. "अरे बाबा, तू कागद ताणायलास. आधी दगड शोध," ते म्हणाले. तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तो दगड, जुनी विहीर, न हललेलं गाडरस्त्याचं वळण, अशा खुणा मोबाईलनं नव्हे तर भाड्यानं आणलेल्या रोव्हरनं (उपग्रहावरून अचूक जागा टिपणाऱ्या यंत्रानं) घेतल्या आणि नकाशा त्यांवर बसवला. अलीकडं ई-मोजणीची 'क' प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, अक्षांश-रेखांशासह मिळते. ज्या गटाची तशी प्रत होती तिथं आमचं काम निम्म्यावर आलं.

दुसरी गाठ नंबरांची. जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडणारी एकत्रीकरण योजना झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, पण जुन्या कागदात कुठं जुना नंबर, कुठं नवा. दोन्हींची सांगड योजनेच्या ९(३), ९(४) च्या उताऱ्यांवरून घालावी लागते. हे उतारे स्कॅन करून संगणकाला वाचायला दिले, तेव्हा त्यानं आत्मविश्वासानं भलतंच वाचलं. शेवटी दोन मुलांना बसवून हातानं भरून घेतलं. एआयच्या नावानं जे काही विकलं जातंय त्याबद्दल माझं मत तेव्हापासून जरा कोरडं आहे.

वाटेचा रकाना मी आधी शोभेपुरता ठेवला होता. लोकांनी मात्र तोच आधी पाहिला. भराव पडला की पलीकडच्या दीड एकरात बैलगाडी न्यायची कुठून? बोगदा एक किलोमीटरवर, आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६ नुसार रुळामुळं ज्यांची वहिवाट अडते त्यांच्यासाठी क्रॉसिंग, पूल, मोऱ्या अशी कामं रेल्वेनं करून द्यायची असतात. मात्र मार्ग वाहतुकीला खुला झाल्यापासून दहा वर्षांनंतर जादा कामांची जबाबदारी रेल्वेवर राहत नाही. म्हणजे मागायचं ते वेळेत मागायला हवं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही मोबदला ठरवताना जमिनीचे तुकडे पडल्यानं झालेलं नुकसान धरायचं आहे. आमच्या पानावर 'बोगद्यामार्गे अंतर' असा आकडा छापून आला की अर्जाला वजन येतं. हा आकडा काढणं प्रोग्रामिंगच्या दृष्टीनं किरकोळ, पण सगळ्यात जास्त कामाचं तेच निघालं.

विकताना दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे शेतकरी पैसे देतो, पण ॲपला नाही, कागदाला देतो. दुसरं, महिन्याची वर्गणी कुणी घेत नाही. गटामागे पैसे लावले, महा ई-सेवा केंद्रवाल्याला त्यातला वाटा दिला, पान ए-थ्री रंगीत छापलं आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली. पानाच्या खाली ठळक ओळ: ही शासकीय मोजणी नाही. ही ओळ काढा म्हणणारे बरेच भेटले. काढली नाही. हद्द कायम करण्याचं काम भूमी अभिलेखचं आहे, आणि त्या ओळीमुळंच वकील आमच्यावर विश्वास ठेवतात.

नियमित गिऱ्हाईक वकीलच झाले. ते बहुतेक शहरालगतच्या जमिनींसाठी येतात. स्टेशन जवळ म्हणून ५०० रुपयांच्या बाँडवर गुंठ्यानं प्लॉट घेतलेले लोक त्यांच्याकडं जातात, तेही बहुधा पैसे देऊन झाल्यावर. त्यांच्यासाठी पानाची दुसरी बाजू केली. जमीन विकास आराखड्यात कुठल्या विभागात येते? रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत आहे का, म्हणजे बांधकामाला रेल्वेची ना-हरकत लागेल का? गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे का (महसूल संहितेच्या कलम ४२-ड मध्ये अशा जमिनीच्या बिगरशेती वापराची सोय होती)? जिथं तुकडेबंदी (ठराविक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला मनाई) लागू आहे तिथं प्रमाणभूत क्षेत्र, जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे, ते पुरं होतं का? यातली दोन उत्तरं निव्वळ अंतराची आहेत, नकाशा नीट बसला असेल तर क्षणात येतात. प्लॉटिंगवाल्यांना ही बाजू अर्थातच आवडत नाही.

सरकारी कामासाठीही फिरलो. एका कार्यालयानं नमुना म्हणून फुकट काम करून घेतलं, कौतुक केलं आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता असली की निविदेत अनुभव आणि उलाढालीच्या अटीत सूट मिळू शकते. त्यासाठी ती मान्यता जरूर घ्यावी. पण त्या भरवशावर पगार करू नयेत.

आता जालना-जळगाव मार्गाकडं वळलोय. १७४ किलोमीटर, केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी ऑगस्ट २०२४ ची. इथं गावनकाशे आधीच बसवून ठेवायचेत, म्हणजे अधिसूचनेत गट नंबर आले की हरकतीच्या मुदतीतच लोकांच्या हाती पान पडेल. काका म्हणतात, भोकरदनकडचे दगड सापडतील.

एक रकाना अजून रिकामाच जातो. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इनामी जमिनी पुष्कळ, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) आणि देवस्थानच्या. तिथं कसणारा एक, सातबाऱ्यावर दुसरा आणि मोबदल्यावर हक्क सांगणारा तिसराच. क्षेत्र आम्ही सांगतो, पण पैसे कुणाचे हे त्यातून निघत नाही. त्यासाठी १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमीन कुणाकडं होती याची जुनी नोंद) काढावं लागतं, त्याच्या मागचे कागद उर्दूत असतात. अशा गटाच्या पानावर आम्ही 'हक्क तपासणी बाकी' एवढंच छापतो, पैसे निम्मे घेतो आणि माणसाला वकिलाकडं पाठवतो.