तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे सुटले, आता काय उरलंय?

२००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या केसमध्ये हायकोर्टाचा निकाल आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो, वर "संताप नाही येत का रे?" तर सांगतो एकदाच. माझा दादा ११ जुलै २००६ ला वेस्टर्नच्या लोकलमध्ये फर्स्ट क्लासला होता. अकरा मिनिटांत सात डब्यांत बॉम्ब फुटले, माटुंगा रोड ते भाईंदर, १८० हून जास्त माणसं गेली. भरपाईच्या केसला तो प्रवासी होता हे दाखवायला पास लागला, तो पाकिटात सापडला, शाई पसरलेली, प्लास्टिकच्या कव्हरला चिकटलेला, पण तारीख वाचता येत होती.

२०१५ ला मोक्का कोर्टाने, म्हणजे संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखालच्या खास कोर्टाने, १२ जणांना दोषी धरलं, ५ जणांना फाशी, ७ जणांना जन्मठेप. आईने देवापुढे साखर ठेवली त्या दिवशी. आणि २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराही जण निर्दोष ठरवले, त्यातला एक तर २०२१ लाच शिक्षा भोगताना कोरोनाने गेलेला. तीन दिवसांत सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली, पण ती हा निकाल इतर केसमध्ये दाखला म्हणून वापरू नये एवढ्यापुरतीच, सुटलेल्यांना परत आत जायला नाही सांगितलं.

संताप येतो ना, पण जज्जांवर नाही. निकालात काय म्हटलंय बघा, साक्षीदार टॅक्सीवाल्यांनी आरोपी ओळखले ते शंभरहून जास्त दिवसांनी, कबुलीजबाब छळ करून घेतल्यासारखे आणि काही तर एकमेकांची कॉपी, आणि कहर म्हणजे बॉम्ब नक्की कुठल्या प्रकारचा होता हेच सरकारी पक्षाला सांगता आलं नाही! त्यात २००८ ला मुंबईच्याच क्राइम ब्रँचने इंडियन मुजाहिदीन या अतिरेकी संघटनेची दुसरीच माणसं पकडली, त्यातल्या एकाने हे स्फोट आम्हीच केले असं सांगितल्याचं बाहेर आलं, नंतर कोर्टात तो फिरला. म्हणजे एकाच शहरातल्या पोलिसांकडे एकाच स्फोटाच्या दोन स्टोऱ्या, आणि आम्ही इतकी वर्षं एकीवर विश्वास ठेवून बसलो.

म्हणून मला आता फाशी-बिशी नकोय, कुणी केलं ते सांगा. अपील सुप्रीम कोर्टात आहे, तिथे काय होईल ते होईल, पण तिथेही हेच १२ दोषी की निर्दोष एवढंच ठरणार, तपास नव्याने कुणी करतंय असं काही दिसत नाही.

वहिनीचं मात्र वेगळं आहे हां. तिला रेल्वेत नोकरी लागली, रोज त्याच लाइनने जाते, ती म्हणते भाऊजी मला पेपरातली कात्रणं दाखवू नका.