हिवाळ्यासाठी लॉनमोअर आवरून ठेवताना: माझा अनुभव

मिनेसोटात, मिनिॲपोलिसच्या एका उपनगरात घर घेतल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी ऑक्टोबरमधल्या शेवटच्या कापणीनंतर लॉनमोअर, म्हणजे अंगणातले गवत कापायचे यंत्र, जसाच्या तसा गराजच्या कोपऱ्यात लावून दिला होता. टाकीत निम्मे पेट्रोल होते आणि पात्याच्या वरच्या पत्र्याला आतून ओल्या गवताचा थर चिकटलेला होता. एप्रिलच्या अखेरीस बर्फ वितळून गवत वाढू लागले, तेव्हा मी खांदा दुखेपर्यंत दोरी ओढली, पण इंजिनाने दाद दिली नाही.

शेजारी राहणारे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करण्यात आयुष्य घालवलेले आहेत. त्यांनी कार्ब्युरेटरखालची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पुरवणाऱ्या भागाखालची) वाटी, जिला इथे बाऊल म्हणतात, एक नट फिरवून खाली काढली आणि माझ्या हातात दिली. तिच्या तळाशी काकवीसारखा तांबूस, चिकट साका बसला होता आणि त्याला जुन्या रोगणासारखा उग्र वास येत होता. माझ्या यंत्रात मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल ज्यातून पुढे जाते ते बारीक छिद्र, त्या नटमध्येच असतो. नट उजेडाकडे धरून त्यांनी मला त्यातून पाहायला सांगितले, तर सुईच्या टोकाएवढ्या त्या छिद्रातून उजेडच दिसेना. इंजिनात दुसरा काहीही बिघाड नव्हता.

पेट्रोल टाकीत नुसते पडून राहिले तरी महिनाभरात शिळे होऊ लागते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्यातले चटकन पेट घेणारे हलके घटक उडून जातात आणि उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन डिंकासारखा पदार्थ तयार होतो. इथल्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये सुमारे १० टक्के इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. भारतात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यामुळे भातकापणी संपली की ग्रासकटर आणि फवारणीचा पंप पेट्रोलसकट पडवीत ठेवून देणाऱ्या माझ्या कोकणातल्या भावालाही मी फोनवर हे बजावून सांगितले आहे.

त्यानंतर दरवर्षी मी हे काम ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात उरकतो. १९९१ साली ३१ ऑक्टोबरला सुरू झालेल्या हिमवादळात मिनिॲपोलिस परिसरात २८.४ इंच, म्हणजे ७२ सेंटिमीटर बर्फ पडला होता, आणि शेजाऱ्यांना ते दिवस अजून स्वच्छ आठवतात. नोव्हेंबरची वाट पाहू नये, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

शेवटच्या कापणीला मी टाकीत मोजकेच पेट्रोल घालतो, म्हणजे काम संपेतो टाकी जवळजवळ रिकामी होते. इंजिन गरम असतानाच ऑइल काढावे, कारण गरम ऑइल पातळ होऊन तळाची काजळी आणि धातूचा बारीक चुरा बरोबर घेऊन येते. त्याआधी स्पार्क प्लगची टोपी उपसून बाजूला ठेवतो. पात्याजवळ हात जाणार असेल तर ही खबरदारी घेतल्यावाचून पुढे जाऊच नये. यंत्र कलते करताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वरच्या बाजूला राहतील, याकडे लक्ष द्यावे लागते. एका वर्षी मी ते उलट्या कुशीवर कलते केले, तेव्हा ऑइल फिल्टरमध्ये शिरून कागदी फिल्टर पार भिजला आणि तो नवा आणावा लागला. माझ्या इंजिनाला एसएई ३० या दाटपणाचे ऑइल सुमारे अर्धा लिटर लागते. जुने ऑइल मी डब्यात भरून कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, घातक कचरा केंद्रावर नेऊन देतो.

पात्यावरच्या पत्र्याला चिकटलेले गवत लाकडी पट्टीने खरवडून काढतो, कारण ते ओल धरून ठेवते आणि चार-पाच महिन्यांत पत्रा गंजवते. पाते काढून कानशीने मूळ उताराप्रमाणे धार लावतो आणि मधल्या छिद्रातून भिंतीतल्या खिळ्यावर अडकवून पाहतो. जी बाजू खाली झुकेल तिकडून आणखी थोडे घासायचे. पाते समतोल नसले की यंत्र थरथरते आणि त्याचा भार क्रँकशाफ्टवर, म्हणजे पाते फिरवणाऱ्या इंजिनाच्या दांड्यावर येतो.

पेट्रोलच्या बाबतीत लोकांचे दोन पक्ष आहेत: काहींना टाकी काठोकाठ भरून ठेवणे योग्य वाटते, तर काहींना पूर्ण रिकामी करणे. अर्धवट टाकी मात्र दोघांनाही नको असते, कारण रिकाम्या जागेतल्या हवेतला ओलावा थंडीत आतल्या बाजूला धरतो. मी ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर शिळे होऊ न देणारे द्रव्य मिसळतो, अडीच गॅलनला एक औंस, म्हणजे साडेनऊ लिटरला ३० मिलिलिटर. त्यातले थोडे टाकीत घालून, प्लगची टोपी परत बसवून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मोकळ्या हवेत चालवतो. एवढे केल्यावरही बाऊलमध्ये चमचाभर पेट्रोल उरतेच. इंजिन निवल्यावर नट सैल करून तेही मी भांड्यात घेतो, आणि सगळ्या कामात हा चमचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मग प्लग काढून सिलिंडरमध्ये छोटा चमचा ऑइल सोडतो आणि दोरी तीन-चार वेळा हळूहळू ओढतो, म्हणजे आतल्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर बसतो. प्लगची फट ०.७६ मिलिमीटर आहे ना, हे पाहून तो हाताने आटे लावत परत बसवतो. अखेरीस दोरी जड लागेपर्यंत ओढून तिथेच थांबतो. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा आत शिरत नाही.

आमच्या गराजमध्ये गॅसवर पाणी तापवणारी टाकी आहे आणि तिच्याखाली सतत बारीक ज्योत तेवत असते. म्हणून लॉनमोअर आणि पेट्रोलचा कॅन दोन्ही मी अंगणातल्या लाकडी शेडमध्ये हलवले आहेत. गराजमध्ये मोकळ्या झालेल्या जागी स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून वाट मोकळी करणारे यंत्र, पुढे ओढून ठेवतो आणि त्याच संध्याकाळी तो सुरू करून पाहतो; एप्रिलमध्ये त्याचाही बाऊल याच रीतीने रिकामा केलेला असतो.