फळ्यावर लिहिलेलं चुकीचं उत्तर

शिक्षक घडवणाऱ्या अध्यापक विद्यालयात पाठनिरीक्षणाची एक वही असते. प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, फलकलेखन, शैक्षणिक साहित्य, प्रश्नांची रचना, मूल्यमापन, स्वाध्याय असे रकाने आखलेले असतात आणि शेवटच्या बाकावर बसून निरीक्षक ते भरत जातो. माझी सगळी नोकरी या वह्या भरण्यात गेली, आधी धुळ्याकडे, नंतर जळगाव जिल्ह्यात. निवृत्ती आता जवळ आली आहे, म्हणून एका पाठाबद्दल लिहून ठेवतो.

या रकान्यांना मी नावं ठेवणार नाही. नवख्या माणसाला वर्गासमोर उभं राहताना आधार लागतो आणि तो या आराखड्यातून मिळतो. हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने आपण जी पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, शिकवतो, ती खरं तर त्याच्या मागून आलेल्या त्सिलर आणि राइन यांनी घडवली. इतकी वर्षं ती टिकली, कारण शिकवण्याला क्रम लागतो ही समज तिने शिक्षकांना दिली. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या वहीत मुलाचं चुकीचं उत्तर लिहायला जागाच नाही. निरीक्षक ते टिपत नाही, म्हणून छात्राध्यापकही, म्हणजे शिकवायला शिकणारा विद्यार्थीही, त्याच्याकडे बघत नाही.

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेली एक द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आमच्या आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याच्या सरावासाठी, ठरलेली होती. डिसेंबरचे दिवस, कापसाची वेचणी जोरात. अशा दिवसांत पटावरची सगळी मुलं वर्गात कधीच नसतात. काही आईबरोबर वावरात जातात, काहींना धाकट्या भावंडाला सांभाळत घरी बसावं लागतं. दुसरी आणि तिसरीचा वर्ग एकत्र भरत होता. निम्मी मुलं घरी अहिराणी बोलणारी, निम्मी पावरा ही आदिवासी बोली बोलणारी. भिंतीवर निपुण भारत या सरकारी मोहिमेचा तक्ता होता. दुसरीच्या मुलाला ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी यावी, असं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं.

पाठ होता 'दशक सुटा करून वजाबाकी'. घेणारी छात्राध्यापिका पारोळा तालुक्यातली. शेतकरी घरातली, बोलायला कमी, पण तयारी पक्की. तुराटीच्या काड्या एकसारख्या कापून तिने दहा-दहाचे गठ्ठे दोऱ्याने बांधून आणले होते. टाचण नीट, अक्षर वळणदार. पहिलं उदाहरण ४३ वजा १८. काड्यांवर करून दाखवलं, मग फळ्यावर उभ्या मांडणीत. "समजलं का?" म्हटल्यावर सगळ्या वर्गाने एका सुरात "हो" म्हटलं. रकाने भराभर भरत होते.

मग तिने पाटीवर ५२ वजा २७ सोडवायला दिलं आणि रांगांतून फिरू लागली. दुसरीतल्या एका मुलीच्या पाटीवर ३५ होतं.

अशा वेळी पुढे काय होतं ते मी इतक्यांदा पाहिलंय की कोणाला उठवलं जाईल हे मला आधीच सांगता येतं. "प्रयत्न छान, बस. कोण सांगेल बरोबर उत्तर?" मग पहिल्या बाकावरचा ठरलेला हुशार मुलगा उठतो, उत्तर सांगतो, टाळ्या होतात आणि पाठ पुढे सरकतो. ही छात्राध्यापिका मात्र त्या पाटीशी थांबली. खाली उकिडवी बसली आणि हळूच विचारलं, "कशी काढी तू?"

घरची बोली ऐकून मुलगी सैलावली. दोनावर बोट ठेवून म्हणाली, "दोनमातून सात जात नही. मंग सातमातून दोन काढात, पाच. मोठामातून धाकला काढना पडस ना. बाईनीच सांगेल शे."

मला शेवटच्या बाकावर हे स्पष्ट ऐकू आलं, कारण तोवर वर्ग शांत झाला होता. पोरीने अंदाजे काही लिहिलं नव्हतं. पहिलीत सांगितलेला नियम तिने इमानाने पाळला होता.

छात्राध्यापिकेने तिला दुसरा प्रश्न विचारला. "तुनाकडे बावन रुपया शेतस. दुकानवरथून सत्तावीसनं तेल लयनं. कितला पैसा ऱ्हायनात?"

"पंचवीस," मुलगी एका दमात म्हणाली.

"कशा?"

"सत्तावीसमा तीन टाकात का तीस. मंग वीस टाकात का पन्नास. मंग दोन." बोटंही मोडली नाहीत. किराणा आणायला रोज हीच जाते, हे वर्गशिक्षिकेने मला नंतर सांगितलं. गावातला दुकानदारही सुटे परत देताना असाच वर वर मोजत जातो.

आता तिच्याजवळ एकाच हिशोबाची दोन उत्तरं होती, पाटीवर ३५ आणि तोंडी २५, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पाटीचं गणित शाळेचं आणि पैशाचं दुकानातलं, दोन्ही आपापल्या जागी.

छात्राध्यापिका उठली, फळ्याजवळ गेली आणि तिने मोठ्या अक्षरांत ३५ आणि २५ शेजारी शेजारी लिहिले. माझ्या बाजूला बसलेल्या तिच्या सहाध्यायांनी एकमेकांकडे पाहिलं. चुकीचं उत्तर फळ्यावर लिहायचं नाही, मुलं तेच उतरवून घेतात, हे पहिल्या सत्रापासून त्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं. तिने वर्गाला विचारलं, "गणित एक आहे, उत्तरं दोन आली. दोन्ही बरोबर असतील का?"

वर्ग जागा झाला. कोणी ३५ च्या बाजूने, कोणी २५ च्या. तिसरीतला एक मुलगा पाढे म्हणून दाखवू लागला, त्याचा इथे काही संबंध नव्हता तरी. सकाळपासून तोंड न उघडलेला एक पावरा मुलगा उठला आणि काहीही न बोलता टेबलावरचे गठ्ठे घेऊन आला. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या फरशीवर मांडल्या. दोन गठ्ठे बाजूला केले. सात सुट्या हव्यात, आहेत दोनच. तो क्षणभर थांबला, मग एका गठ्ठ्याचा दोरा दाताने सोडला. बारातल्या सात काड्या बाजूला केल्या. उरले दोन गठ्ठे, पाच काड्या.

त्या मुलीचा विश्वास बसेना. तिने गठ्ठा हातात घेतला, दोरा सोडून त्यातल्या काड्या मोजल्या, मग दुसऱ्यातल्या. वीस भरल्या. मग पाच. तेव्हा कुठे तिने पाटी पुसली. पण तिचा प्रश्न राहिला होता आणि तो तिने विचारलाच. "मंग मोठामातून धाकला काढना, आसं का सांगं?"

वर्गशिक्षिका दारात उभ्या होत्या. त्यांना राग येईल अशी मला धास्ती वाटली. त्या शांतपणे पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बरोबर सांगितलं होतं बेटा. तेव्हा आपण नऊपर्यंतच्याच संख्या शिकत होतो. आता सांग, बावन मोठे की सत्तावीस?"

"बावन."

"मग बावनातूनच सत्तावीस काढतोय ना आपण. सगळ्या संख्येकडे बघायचं. एकट्या दोनाकडे आणि साताकडे नाही."

नेमकं निदान हेच होतं. पोरीला ५२ ही एक संख्या दिसत नव्हती. तिला एक ५ दिसत होता आणि एक २, शेजारी शेजारी उभे असलेले दोन वेगळे आकडे. दशक म्हणजे दहाचा गठ्ठा हे सांगितलं जातं, तक्त्यावर रंगवलं जातं, पण उभी मांडणी केली की मुलं पुन्हा आकड्या-आकड्याचा हिशोब करतात.

तास संपल्याची घंटा झाली. मूल्यमापन राहिलं, स्वाध्याय राहिला.

शाळेच्या ओट्यावर चर्चेला बसलो. सहाध्यायांनी आपापले शेरे वाचून दाखवले. वेळेचं नियोजन चुकलं. फलकावर चुकीचं उत्तर लिहिलं. बोलीभाषेचा वापर केला. एकाच विद्यार्थिनीकडे जास्त लक्ष दिलं. हेतू साध्य झाला नाही. तीही मान खाली घालून ऐकत होती. वहीच्या हिशोबाने एकही शेरा खोटा नव्हता.

मी काही बोलण्याआधी वर्गशिक्षिका पाट्यांचा ढीग घेऊन बाहेर आल्या. पाठ संपल्यावर त्यांनी दुसरीच्या सगळ्या मुलांना तीन गणितं घातली होती: ४१ वजा १६, ६३ वजा २८ आणि ७० वजा ३४. पाट्या आम्ही ओट्यावर पसरल्या. ३५, ४५, ४४ असं उत्तर एका पाटीवर, तेच पुढच्या पाटीवर, आणखी एकीवर तेच. मघाशी एका सुरात "हो" म्हणालेली ही मुलं. त्या मुलीची पाटी वेगळी होती. तिने गणिताखाली छोटे छोटे गठ्ठे काढून एकाला काट मारली होती. २५ आणि ३५ बरोबर. तिसऱ्यापाशी शून्य आल्यावर अडली होती आणि उत्तर न लिहिता जागा कोरी ठेवली होती.

मी छात्राध्यापकांना विचारलं, "तुमची ही मैत्रीण त्या पाटीशी थांबली नसती, तर या पाट्यांवर काय आहे हे आपल्याला कसं कळलं असतं?" कोणी उत्तर दिलं नाही. ज्याने 'हेतू साध्य झाला नाही' असं लिहिलं होतं, तो पाट्या हातात घेऊन पुन्हा पुन्हा बघत राहिला.

त्यांना मी तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकेतल्या संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुका तपासल्या. त्यांना आढळलं की बऱ्याच चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एक चुकीची रीत धरतं आणि तीच काटेकोरपणे वापरत जातं, त्यामुळे पुढच्या गणितात ते काय लिहील हे आधी सांगता येतं. आमच्या ओट्यावरच्या पाट्या हेच सांगत होत्या. दुसरी गोष्ट ब्राझीलमधल्या रेसिफे शहराची. रस्त्यावर नारळ आणि फळं विकणारी मुलं गिऱ्हाईकाचा हिशोब तोंडी अचूक करायची, पण तीच गणितं कागदावर मांडून दिली की चुकायची. तो अभ्यास १९८५ सालचा. चोपड्याच्या पोरीने तेल घेऊन पंचवीस रुपये बरोबर परत आणले आणि पाटीवर पस्तीस लिहिले, यात नवल वाटायला नको. नवल याचं वाटायला हवं की तिचं दुकानातलं गणित वर्गात आणावं असं आपल्याला सुचत नाही.

हे छात्राध्यापक कोणत्या परिस्थितीत शिकायला येतात हेही सांगितलं पाहिजे. एके काळी डी.एड. या प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला प्रवेश मिळणं म्हणजे नोकरी मिळाल्यात जमा होतं आणि गावोगावी विद्यालयं निघाली. शिक्षक भरतीच्या २०१० च्या सीईटी परीक्षेनंतर भरती रखडली ती थेट २०१७ च्या अभियोग्यता चाचणीपर्यंत. तेवढ्यात जागा ओस पडल्या, विद्यालयं बंद झाली. आज जे येतात ते हे सगळं माहीत असून येतात. टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेच्या १५० प्रश्नांची तयारी करतात, शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसतात. त्या १५० प्रश्नांना पर्याय दिलेले असतात आणि त्यातला एक बरोबर असतो. ३५ हे उत्तर कसं आलं असेल, हे तिथे कोणी विचारत नाही. मग ते कुठे शिकायचं? आंतरवासितेत, मुलांच्या पाटीजवळ बसून. दुसरी जागा नाही. म्हणून पाठ वेळेत संपला का, यावरच आपण त्यांना जोखत राहिलो तर त्यांच्यावर अन्याय होतो आणि पुढे ज्या वर्गात ते उभे राहतील तिथल्या मुलांवरही.

त्या पाठाच्या शेऱ्यात मी लिहिलं, 'चुकीच्या उत्तराची कारणमीमांसा वर्गासमोर केली. उत्कृष्ट.' गुणही तसेच दिले. विद्यालयात परतल्यावर त्यावर वाद झाला. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, असा पाठ बाह्य परीक्षकांसमोर घेतला तर तिचे गुण जातील. त्यांची काळजी खरी होती. वार्षिक पाठासाठी तिने रकाने सांभाळावेत हे मीही तिला सांगितलं. पण आंतरवासितेच्या वहीत तेव्हापासून एक जादा कागद जोडायला लावतो. त्यावर तीनच ओळी: मुलाने दिलेलं चुकीचं उत्तर, ते त्याने कसं काढलं हे त्याच्याच शब्दांत, आणि त्यावर तुम्ही काय केलंत.

या कागदांची एक फाइल जमली आहे आणि छापील पाठटाचणांपेक्षा मी ती जास्त वेळा उघडतो. एकशे पाच हे १००५ असं लिहिणारी मुलं जवळजवळ प्रत्येक शाळेत भेटतात. शंभर आणि पाच, ऐकलं तसं लिहिलं. चार मोठे म्हणून एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा ठरवणारी पाचवीची मुलं आहेत. एका छात्राध्यापकाने दुसऱ्या ओळीत नुसतं 'लक्ष नव्हतं' लिहून आणलं. मी कागद परत दिला आणि म्हटलं, मुलाला विचारून ये. तो दुसऱ्या दिवशी पानभर लिहून घेऊन आला.

त्याच आठवड्यात त्या छात्राध्यापिकेचा पुढचा पाठ तिसरीच्या मुलांवर होता, तीन अंकी वजाबाकी. आदल्या दिवशी टाचण दाखवायला आली तेव्हा समासात तिने स्वतःच एक रकाना आखला होता: 'मुलं इथे काय लिहितील?' उदाहरण ५०२ वजा २७६. खरं उत्तर २२६. तिने दोन चुका आधीच मांडल्या होत्या. आकड्या-आकड्याने मोठ्यातून लहान काढणारं मूल ३७४ लिहील. शून्याचे नऊ करेल पण शतकातला एक कमी करायला विसरेल, ते ३२६ लिहील. "सर, आणखी काय येईल?" तिने विचारलं. आम्ही दोघं बराच वेळ बसून शोधत होतो.

वर्गात ३७४ आलं, ३२६ आलं आणि एका मुलाने २०६ लिहिलं. त्याने एककासाठी थेट शतकाकडून घेतलं होतं, आणि मधल्या शून्यातून सात जात नाहीत म्हणून तिथे शून्यच ठेवलं होतं. हे आमच्या यादीत नव्हतं. तिने तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली आणि शंभराचा मोठा गठ्ठा टेबलावर ठेवला.