ओरिजिनल आहे ना?

जुनी गाडी बघायला आलेला माणूस आधी किंमत विचारत नाही. बॉनेट उघडायला लावतो, हात मागे बांधून आत डोकावतो आणि म्हणतो, "सगळं ओरिजिनल आहे ना?" आपण हौसेनं पैसे घातलेले असतात नेमक्या त्याच जागी मग त्याचं बोट जातं. "ही वायर कसली हो?"

त्या वायरीची गोष्ट मोठी आहे. मी माझी स्विफ्ट डिझेल विकायला काढली आणि त्याआधी तिला हौसेनं जोडलेलं सगळं उतरवायला बसलो. तिच्यातलं १२४८ सीसीचं इंजिन मुळात फियाटचं. मारुतीनं ते घेतलं, टाटांनी इंडिका व्हिस्टात बसवलं, फियाटच्या पुंतोत तर होतंच. गाडीवेडे लोक त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. आता तेच इंजिन एका गाडीत ७५ हॉर्सपॉवर देतं आणि दुसरीत ९०, हे एकदा कळलं की पंचाहत्तरवाल्याला झोप लागत नाही. इंजिनाची ताकद वाढवणारे ट्यूनिंग बॉक्स विकणाऱ्यांचा धंदा या निद्रानाशावरच चालायचा.

काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा डबा. इंजिनात डिझेल ज्या नळीत दाबाखाली साठतं तिच्यावर एक सेन्सर असतो. त्याला तीन वायरी: पाच व्होल्टची, अर्थची आणि सिग्नलची. हा डबा सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, यांच्या मधे बसतो आणि खोटं बोलतो. दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, खंबाटकी घाटात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अशी उचलते की शेजारी बसलेला माणूस बोलायचा थांबतो. गंमत म्हणजे डॅशबोर्डवरचं ॲव्हरेजही सुधारतं, कारण तो हिशेब ईसीयूच करतो आणि किती डिझेल गेलं हे त्याला ठाऊकच नसतं. पंपावरचं ॲव्हरेज अर्थात सुधारत नाही. पण त्या दिवसांत मी डॅशबोर्डवरच विश्वास ठेवायचो.

बॉक्स काढणं सगळ्यात सोपं. किल्ली काढायची, थोडं थांबायचं, दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह सोडवायची, कपलरची खटकी दाबून डबा बाहेर, कंपनीचा कपलर परत सेन्सरवर. टक् आवाज आला की झालं. बाकीच्यानं खरी परीक्षा घेतली. हेडलाइटला शंभर-नव्वदचे बल्ब होते. मूळचा बल्ब ६०/५५ वॉटचा. शंभरचे दोन लावले की बारा व्होल्टवर सोळा-सतरा अँपिअर खेचतात, तेवढं मूळच्या वायरिंगमधून न्यायचं नाही म्हणून रिले किट, म्हणजे बॅटरीतून थेट करंट देणारे विजेचे खटके. दोन रिले, एक फ्यूज, ग्रिलमागून आडवी गेलेली जाड वायर. शिवाय पुढच्या काचेशेजारच्या खांबावर बसवलेलं टर्बोचं मीटर, आणि रात्री त्यातला दिवा लागावा म्हणून डॅशबोर्डच्या वायरीला मारलेली ती निळी चाप-क्लिप.

या निळ्या क्लिपबद्दल माझं मत वाईट आहे. लावायला दहा सेकंद लागतात, वायर सोलावी लागत नाही, म्हणून सगळे लावतात. आत पत्र्याची पाती असते, ती वायरीचं कातडं कापून तांब्याला भिडते. काढली की कळतं की तांब्याच्या दोन-चार तारा तिनं तोडल्यात आणि उरलेल्या हिरव्या पडल्यात. तेवढा तुकडा कापायचा, सोल्डर करायचा, वर हीट श्रिंकची, म्हणजे तापली की आवळणारी, नळी चढवून तापवायची. काळी टेप नुसती गुंडाळली तर पुढच्या उन्हाळ्यात डिंक पाघळतो, टेप सुटते आणि हाताला चिकट काळं लागतं. नाना पेठेतला चाचा कापडी टेपच देतो. किंमत ऐकून आपण चेहरा केला की म्हणतो, "साहेब, कंपनी कापडीच लावते, ती काय येडी आहे का?"

बसवताना मी हे सगळं एका रविवारात उरकलं होतं, वायरी जिथे मावतील तिथे कोंबून. गाडी माझी होती. काही बिघडलं असतं तर कुठे काय दडपलंय हे मला ठाऊक होतं. काढताना प्रत्येक जोडावर टेस्टरचा दिवा लावून बघत होतो. साताऱ्याच्या कुठल्या तरी गॅरेजमधला पोरगा दोन वर्षांनी हा डॅशबोर्ड उघडेल आणि शेजारच्याला हाक मारेल, "अरे इकडे ये, बघ काय करून ठेवलंय!" त्या न पाहिलेल्या पोराच्या धाकानं मी केबल टायची टोकंसुद्धा सारखी कापली. स्वतःसाठी कधी कापली नव्हती.

कायद्याचं म्हणाल तर मोटर वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मालकाला असे बदल करता येत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर दंडही आहे, पाच हजार रुपये, आणि तो दर बदलामागे. माझ्या बॉनेटखाली तो कोणी मोजायला बसलं नाही, हे बरंच.

गाडी बघायला बापलेक आले. वायरी गेल्या, पण बॉक्सनं क्लचचं जे केलं ते पान्यानं सुटत नाही, म्हणून बॉक्स होता, काढलाय, क्लच अर्ध्यावर आलाय, असं मी सरळ सांगितलं. वडिलांनी ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवली, उन्हात धरून पाहिली आणि मान डोलावली. मुलगा मात्र माझ्याजवळ सरकला.

"काका, तो बॉक्स अजून आहे का?"

"आहे."

"गाडीबरोबर...?"

"नाही."

वडिलांनी पट्टी जागेवर घातली आणि क्लचचे म्हणून आठ हजार कमी केले. कापडी टेपचे त्यांनी काही धरले नाहीत.