पुशरॉड मागवण्याआधी

पुशरॉडची लांबी मोजावी लागते, हे माझ्या गावीही नव्हतं. (इंजिनात कॅमचा उंचवटा लिफ्टरला उचलतो, लिफ्टर पुशरॉड नावाच्या दांडीला, आणि ती रॉकर हलवून व्हॉल्व्ह उघडते.) शेव्हरोलेच्या ३५० स्मॉल ब्लॉक इंजिनाचा मूळ पुशरॉड साधारण ७.८ इंचांचा, तोच परत घालायचा, झालं. पण या खेपेला सिलिंडर हेड फेसिंग होऊन, म्हणजे खालून सपाट घासून, आलं होतं आणि कॅमही नवा, जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा. हेड घासलं की पुशरॉड आखूड लागतो. उलट कॅमचं बेस सर्कल (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान असलं की लिफ्टर खाली बसतो आणि पुशरॉड लांब लागतो. बेरीज-वजाबाकी कुठे येऊन थांबली, ते इंजिनातच पाहायला हवं होतं.

लांबी बदलता येणारा चेकिंग पुशरॉड आणला. त्याचा एक आटा म्हणजे ५० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एक नंबरच्या इनटेक व्हॉल्व्हच्या टोकाला काळा मार्कर फासला, रॉकर बसवून नट शून्य फटीवर आणला आणि क्रँक दोन फेरे फिरवला. रॉकर काढून पाहतो तर त्याच्या टोकाच्या रोलरने घासलेला पट्टा हा एवढा रुंद! तो जितका बारीक, तितकी लांबी बरोबर. लांबी बदलत गेलो. वैताग असा की तीच लांबी पुन्हा लावली तरी पट्टा वेगळाच यायचा.

गोम हायड्रॉलिक लिफ्टरमध्ये होती. व्हॉल्व्हच्या खऱ्या स्प्रिंगच्या जोराने त्याचा प्लंजर (आतला दट्ट्या) दबत होता. मग स्प्रिंग काढून मऊ चेकिंग स्प्रिंग घातली. (हेड बसलेलं असताना हे करायचं तर पिस्टन आधी टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणा, नाहीतर व्हॉल्व्ह आत जातो आणि हेड पुन्हा उतरवायची पाळी येते.)

आता मात्र उत्तर स्थिर आलं. ७.७५० इंचांवर पट्टा दोऱ्याएवढा बारीक झाला, पण मध्यापासून जरा सरकलेला. तो मधोमध आणायला लांबी ओढायचा मोह होतो, मी आवरला. लांबीने पट्टा अरुंद करायचा. तो मधोमध येणं बरंचसं स्टडच्या जागेवर आणि रॉकरवर असतं. खात्रीसाठी डायल गेज लावून अर्ध्या लिफ्टला थांबलो: रॉकरच्या आसापासून रोलरच्या मध्यापर्यंतची रेघ व्हॉल्व्हच्या दांड्याशी काटकोनात होती.

त्या ७.७५० मध्ये लिफ्टरच्या प्रीलोडचे (प्लंजर मुद्दाम जेवढा दाबून ठेवायचा त्याचे) ४० थाऊ मिळवले, ७.७९० झाले. पुशरॉड ५० थाऊंच्या टप्प्याने मिळतात, म्हणून ७.८००. म्हणजे फिरून मूळच्याच मापावर! हसू आलं.

ऑर्डर देताना विक्रेत्याने विचारलं, "माप कसं घेतलंत?" म्हटलं, व्हर्नियरने. मग कळलं की पुशरॉडच्या टोकाला गोल गोळी असते, तिच्यातल्या तेलाच्या भोकामुळे ती चपटी होते आणि व्हर्नियर कमी दाखवतो. काही कंपन्या मात्र भोक नाही असं समजून, गोळी पूर्ण धरून लांबी सांगतात. ५/१६ इंची टोकाला १०० थाऊंचं भोक असेल तर दोन्ही टोकं मिळून सुमारे १६ थाऊंचा फरक. माझ्या चेकिंग पुशरॉडच्या टोकांनाही तशीच भोकं होती. मी व्हर्नियरचं माप आहे असं स्पष्ट सांगून मागवले.

सोळा पुशरॉड आले तेव्हा आधी एकच घातला, मार्कर फासला आणि क्रँक फिरवला. पट्टा पुन्हा बारीक आला. मग उरलेले पंधरा.